टेकडीपलीकडचा व्हिडिओ: हवेत रिले टांगल्याचा अनुभव

रिमोटवरच्या विमानातला कॅमेरा आपलं चित्र उडता उडता जमिनीवर पाठवतो, पण हा 5.8 गिगाहर्ट्झचा व्हिडिओ टेकडी ओलांडत नाही. ट्रान्समीटर 25 मिलिवॅटचा असो की 800 चा, विमान कड्याआड गेलं की चित्र गेलं. तरी या छंदात नवा आलेला प्रत्येक जण रेंज कमी पडली की आधी पॉवरच वाढवतो, कारण ते सोपं असतं. मेनूत जाऊन आकडा बदलला की झालं. मोकळ्या हवेत त्याचा थोडाफार उपयोग होतोही, पण तिथेसुद्धा अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. डोंगर आडवा आला की हा हिशेबच लागू होत नाही. या लहरीची लांबी जेमतेम 5.2 सेंटिमीटर. एवढी आखूड लहर कड्यावरून वाकून पलीकडच्या दरीत जवळजवळ उतरतच नाही.

आमच्यापुढे हा प्रश्न आला तो माण तालुक्यातल्या, महादेवाच्या डोंगररांगेतल्या एका टेकडीमुळे. मित्राचं आजोळ तिथलं. गावानं टेकडीच्या पलीकडच्या अंगाला सलग समतल चर खोदलेत, ओढ्यावर माती नालाबांध आणि गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेले, बंधारे घातलेत. पावसाळ्यानंतर त्यांची अवस्था काय आहे हे गावातल्या वडीलधाऱ्यांना बघायचं होतं. पण ज्यांनी ते चर आखले त्यातल्या निम्म्यांच्या गुडघ्यांना आता ती चढण झेपत नाही. मित्राच्या मामांना अख्खं गाव तात्या म्हणतं. ते म्हणाले, "तुमचं इमान तिकडं उडवा, आन् आमाला हितं बसल्या जागी दावा."

रेकॉर्ड करून आणून दाखवणं केव्हाही सोपं होतं. पण रेकॉर्डिंगला "जरा डावीकडं घे, त्या बाभळीच्या खाली" असं सांगता येत नाही, आणि तात्यांना नेमकं तेच करायचं होतं.

आता कुणीही विचारेल, की टेकडीच्या माथ्यावर एक रिसीव्हर आणि एक ट्रान्समीटर ठेवला की काम भागत नाही का? आम्हीही आधी तेच केलं. कॅमेऱ्याचा तिवई स्टँड, त्यावर दोन्ही डब्या, खाली बॅटरी. एकीकडून सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा असा मध्यस्थ, म्हणजे रिले, उंचावर बसवायचा ही काही नवी गोष्ट नाही. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुणेकरांना दिसायला लागले ते सिंहगडावरच्या टॉवरमुळेच. पण सिंहगडाच्या माथ्यावर उंच मनोरा आहे, आणि आमच्याकडे छातीइतका स्टँड. दख्खनच्या या टेकड्यांचा माथा टोकदार नसतो, सपाट असतो. आमच्या टेकडीचं पठार साधारण 600 मीटर रुंद. स्टँड गावाकडच्या कडेला ठेवला तर गाव दिसतं, पण पलीकडची दरी दिसत नाही. पलीकडच्या कडेला ठेवला तर दरी दिसते आणि गाव जातं. मधोमध ठेवला तर दोन्ही जातात. दोन्ही कडांना दोन स्टँड लावून मधे तिसरा टप्पा करता आला असता. पण ॲनालॉग व्हिडिओत प्रत्येक टप्प्याला पडद्यावरच्या मुंग्यांची भर पडते, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा चॅनेल लागतो. 600 मीटर खडकाळ माळावरून दोन ठिकाणच्या अँटेना हलवत बसायची कुणाची तयारीही नव्हती.

कागदावर रेघा मारल्यावर बाकीचं उघड झालं. पठाराच्या मधोमध 100 मीटर उंचीवर काहीतरी तरंगत असेल, तर तिथून कडा 300 मीटरवर. म्हणजे नजरेची रेघ दर तीन मीटरला एक मीटर खाली येते. पठार दरीच्या तळापासून 120 मीटर उंच, म्हणजे कडेच्या पुढे 360 मीटरपासून तळ दिसायला लागतो. स्टँडला जे कधीच जमलं नसतं ते हवेतून आपसूक होतं. तोच रिले पलीकडच्या कडेकडे सरकवून कडेपासून 150 मीटरवर आणला तर कडेपुढची आंधळी पट्टी 180 मीटरवर येते. गावाकडची पट्टी वाढते, 540 मीटर होते, पण गाव त्या कडेपासून सव्वा किलोमीटर लांब आहे, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. म्हणून रिले मधोमध टांगायची कल्पना आम्ही कागदावरच सोडून दिली. मधोमध असणं दिसायला न्याय्य असतं, पण जिकडे अडचण जास्त तिकडे सरकून राहणं फायद्याचं.

इथे नियमांचं सांगायला हवं, कारण रिले म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम दहा-वीस किलोमीटरचे पल्ले येतात. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची व्याख्याच अशी आहे की ते छंद, शिक्षण, संशोधन अशा कामांसाठी असावं आणि नजरेच्या टप्प्यात उडवावं. म्हणून आमच्या मांडणीत उडवणारा गावात बसतच नाही. तो पठाराच्या पलीकडच्या कडेवर उभा राहतो, विमान त्याच्या उघड्या डोळ्यांसमोर दरीत फिरतं, आणि कंट्रोलचा 2.4 गिगाहर्ट्झचा दुवा थेट त्याच्या हातातून विमानाला जातो. रिलेतून जातो तो फक्त व्हिडिओ, आणि तोही फक्त बघणाऱ्यांसाठी. रिलेचा क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, उडवणारा दुसरा गडी पठारावरच, क्वाडच्या जवळपास. दोन्ही यंत्रं दोन किलोच्या आतली, म्हणजे मायक्रो गटात. व्यवसायासाठी उडवत नसाल तर या गटाला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात जागा हिरव्या पट्ट्यात आहे हे आधी बघून घेतलं. हिरव्या पट्ट्यात उंचीची मर्यादा 120 मीटर, म्हणजे आमच्या 100 मीटरना वाव होता.

या मांडणीचा दुसरा फायदा मला नियमाइतकाच मोठा वाटतो. रिले पडला, बॅटरी संपली, तार सुटली तरी विमानाला त्याचा पत्ताही लागत नाही. गावातला पडदा तेवढा जातो. उडवणाऱ्याचा स्वतःचा व्हिडिओ रिलेतून आणून त्यावर विसंबून उडवायचं म्हणजे एका विमानाचा जीव दुसऱ्या विमानाच्या बॅटरीला बांधायचा. ते मी करणार नाही, आणि कुणाला करा असंही सांगणार नाही.

आता यंत्राकडे. 2022 च्या फेब्रुवारीपासून तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे आपल्याकडे हा छंद करणाऱ्या बहुतेकांच्या घरात असतात तसेच सुटे भाग आमच्याकडे होते. रिलेसाठी सात इंची पंख्यांचा क्वाड, लिथियम-आयनच्या सेलची बॅटरी, जीपीएस आणि क्वाडला एका जागी स्थिर ठेवणारा पोझिशन होल्ड. विमान म्हणजे फोमचा, मागे मोटर असलेला पंख. विमानावर 200 मिलिवॅटचा व्हिडिओ ट्रान्समीटर. रिलेवर एक रिसीव्हर मॉड्यूल, त्यातून निघालेला पाल, म्हणजे जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा, व्हिडिओ सरळ दुसऱ्या ट्रान्समीटरच्या इनपुटला. एक तार व्हिडिओची, एक ग्राउंडची, मधे काही नाही. कागदावर हे अर्ध्या तासाचं सोल्डरिंग आहे.

फ्रिक्वेन्सी निवडताना हात बांधलेले असतात. बाहेरच्या देशांत अशा लांबच्या व्हिडिओला लोक सर्रास 1.2 ते 1.3 गिगाहर्ट्झ वापरतात, आणि त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडचेही ते ट्रान्समीटर मागवतात. आपल्याकडे तो पट्टा परवान्याशिवाय वापरता येत नाही. शिवाय ते ट्रान्समीटर शेजारच्या जीपीएसला अक्षरशः आंधळं करतात, आणि आमचा रिले तर जीपीएसच्याच भरवशावर एका जागी उभा. 2.4 वर दोन्ही यंत्रांचा कंट्रोल. म्हणजे आत येणारा व्हिडिओही 5.8 वर आणि बाहेर जाणाराही 5.8 वर, आणि तोही 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ या परवाना न लागणाऱ्या पट्ट्यातच. विमान 5732 वर बोलणार, रिले गावाशी 5843 वर बोलणार. मधे 111 मेगाहर्ट्झचं अंतर. या पट्ट्यात राहून, कडेला थोडी जागा सोडून, याहून फारसं जास्त अंतर मिळत नाही.

खरं दुखणं इथेच सुरू होतं. रिले बनवायला निघालेले सगळे अंतराची काळजी करतात. अंतर हा त्यातला सोपा भाग. रिलेचा शत्रू त्याच्याच पाठीवर बसलेला असतो, तो म्हणजे त्याचा स्वतःचा ट्रान्समीटर. हिशेब करून बघा. विमान एक किलोमीटरवर आहे, रिलेचा ट्रान्समीटर रिसीव्हरच्या अँटेनापासून पाव मीटरवर. दोघांची पॉवर सारखी धरली तर अंतराचं गुणोत्तर 4000, आणि सिग्नल अंतराच्या वर्गाने घटतो. म्हणजे स्वतःच्या ट्रान्समीटरचा आवाज विमानाच्या आवाजापेक्षा 1 कोटी 60 लाख पट मोठा. कानाशी कुणी ढोल बडवत असताना शेतापलीकडच्या बांधावरची हाक ऐकायची, तसला प्रकार. चॅनेल वेगळा आहे हे खरं, पण या स्वस्त रिसीव्हरांची गाळणी इतकी चोख नसते.

हे टेबलावर तपासायची एक सोपी रीत आहे, आणि उडवण्याआधी ती करावीच. रिसीव्हर मॉड्यूलला आरएसएसआयची, म्हणजे सिग्नलचा जोर सांगणारी, पिन असते. सिग्नल जितका जोरात तितका तिथला व्होल्टेज जास्त. त्यावर मल्टिमीटर लावायचा. विमानाचा ट्रान्समीटर लांब, दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर ठेवून चालू करायचा, आकडा बघायचा. मग तो बंद करायला सांगायचं. आकडा खाली यायला हवा. आमच्याकडे रिलेचा ट्रान्समीटर चालू असताना लांबचा बंद केला तर आकडा जागचा हलेना. म्हणजे रिसीव्हर ऐकत होता तो शेजाऱ्याचंच. पडद्यावर चित्र होतं, पण त्यात आडव्या पट्ट्या, फाटलेल्या रेघा, मधेच रंग उडालेला. कुणाला वाटावं कॅमेरा खराब आहे. असा संशय आला की कॅमेरा बदलत बसू नका, रिलेचा ट्रान्समीटर बंद करून आरएसएसआय बघा.

मग एकेक उपाय. पहिला म्हणजे पॉवर कमी करणं, ट्रान्समीटर 200 वरून 25 मिलिवॅटवर. पल्ला वाढवण्यासाठी पॉवर कमी करायची हे ऐकायला उलटं वाटतं, पण रिलेत तेच बरोबर आहे, कारण गावाकडची तूट जमिनीवर भरून काढता येते. तिथे 14 डीबीआयचा पॅच अँटेना, म्हणजे एकाच दिशेला जोर लावणारा चपटा अँटेना, लावला. जमिनीवरच्या अँटेनाला वजनाची भीती नसते, वारा त्याला उडवत नाही, आणि रिले एका जागी उभा असल्यामुळे त्याचं तोंड फिरवत बसावं लागत नाही. शिवाय 25 मिलिवॅटवर ट्रान्समीटर तापत नाही, हा वरचा नफा.

दुसरा उपाय म्हणजे दोन्ही अँटेना लांब नेणं. सापळा कार्बन फायबरचा, आणि कार्बन फायबर वीज वाहून नेतो, म्हणजे सिग्नलही अडवतो. म्हणून पुढे-मागे दांडा काढला तो बांबूच्या कामट्यांचा, पतंगाला वापरतात त्यापेक्षा जाड. रिसीव्हरचा अँटेना नाकाकडच्या टोकाला, ट्रान्समीटरचा शेपटाकडच्या. मधलं अंतर 80 सेंटिमीटर. 1 कोटी 60 लाखांचे एवढ्यानेच सुमारे 15 लाख 60 हजार झाले, आणि पॉवर एक अष्टमांश केल्यामुळे दोन लाखांच्या आसपास. एका अँटेनाचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरीची गिरकी, उजवं आणि दुसऱ्याचं डावं घेतलं. अर्थात मग विमानावरचा अँटेनाही रिसीव्हरच्या जातीचा आणि गावातला पॅच ट्रान्समीटरच्या जातीचा हवा. खरेदी करताना यात हमखास गोंधळ होतो, म्हणून आम्ही डाव्या जातीच्या सगळ्या अँटेनांना लाल टेप गुंडाळून ठेवली.

तिसरा उपाय म्हणजे मधे आडोसा. आधी पोळ्यांच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण उभं बसवलं. आरएसएसआयवर फरक झकास दिसला, पण हवेत गेल्यावर त्या झाकणाचं शीड झालं. वारा त्यावर आपटला की क्वाड सावरायला तिरका व्हायचा, आणि तिरका झाला की दोन्ही अँटेनांचं तोंड भलतीकडे. पण 5 सेंटिमीटरच्या लहरीला अडवायला सलग पत्रा लागत नाही. तिच्या मानाने अगदी बारीक छिद्रांची जाळी तेच काम करते आणि वाऱ्याला बरंचसं आरपार जाऊ देते. पीठ चाळायच्या चाळणीची स्टीलची जाळी पत्र्याच्या कडीतून सोडवली, तारेच्या वळ्यात ताणून बसवली, झिप टायने दांड्याला आवळली. बायकोला नवी चाळणी आणून दिली. तिचं म्हणणं, जुनीच बरी होती.

एवढं झाल्यावर गच्चीवरच्या चाचणीत आकडा शहाण्यासारखा वागायला लागला. लांबचा ट्रान्समीटर चालू की वर, बंद की खाली. शेवटी उरल्या त्या पडद्यावर सरकणाऱ्या बारीक तिरक्या रेघा. मोटरचा थ्रॉटल वाढवला की त्या दाट व्हायच्या, म्हणजे वीजपुरवठ्यातला गोंगाट. रिलेच्या व्हिडिओला मुख्य बॅटरीपासून तोडून वेगळी छोटी बॅटरी दिली, रेघा गेल्या. फिल्टर लावूनही हे होतं, पण थोडं वजन वाढलं तरी वेगळी बॅटरी मला जास्त निर्धास्त वाटते.

रिसीव्हर निवडतानाची एक गोष्ट राहिली. काही रिसीव्हर सिग्नल कमकुवत झाला की आपला निळा पडदा दाखवतात. ते रिलेत नकोत. मुंग्यांतूनही माणसाला खूप काही दिसतं, निळ्या पडद्यातून काहीच नाही. हाच नियम गावातल्या टीव्हीलाही. आम्ही एक एलसीडी मॉनिटर नेला होता; चित्र जरा डळमळलं की तो सरळ काळा व्हायचा. तात्यांनी शाळेच्या खोलीत पडलेला जुना, डब्यासारखा मागे पोट असलेला टीव्ही आणवला. त्याच्या पाठीवर धूळ झटकल्यावर पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं. पिवळ्यात रिसीव्हरची पिन खोचली, रिमोट नव्हता म्हणून पुढची बटणं दाबत एव्ही शोधलं, आणि मुंग्या आल्या. या टीव्हीला 625 रेघांचं चित्र दाखवायची जन्मापासूनची सवय. कितीही फाटकं आलं तरी तो दाखवायचा.

सकाळी लवकर उडवायचं हे ठरलेलंच होतं. हिवाळ्यात सकाळी माळावर वारा पडलेला असतो. उन्हं वर आली की जमीन तापते, भोवरे उठतात, आणि मग 100 मीटरवर स्थिर उभं राहणं क्वाडला महागात पडतं. क्रमही ठरवलेला. आधी रिले वर, गावाकडून फोनवर "मुंग्या साफ झाल्या" असं आलं की मग विमान फेकायचं. उतरताना उलट, आधी विमान, मग रिले. रिलेची बॅटरी वीसेक मिनिटांची, पण विमान दहा मिनिटांत खाली आणायचं. पठारावर मोबाइलची रेंज चोख, त्यामुळे वॉकीटॉकीची गरज पडली नाही.

रिले वर गेला, नाक दरीकडे, शेपूट गावाकडे करून उभा राहिला. विमान अजून पठारावरच, हातात. फोनवरून मित्राचा आवाज: "चप्पल दिसतेय." विमानाचा कॅमेरा माझ्या पायाकडे होता, आणि जवळपास दोन किलोमीटरवरच्या शाळेत, टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेल्या मंडळींना माझी चप्पल दिसत होती. विमान फेकलं, कडेवरून दरीत उतरलं. स्टँड लावला होता तेव्हा चित्र याच जागी जायचं. आता किंचित खडबडलं आणि राहिलं. कडेवरून जाणारी रेघ खडकाला अगदी घासून गेली तर चित्र बिघडतं; या लहरीला त्या अंतरावर कडेपासून अडीच-तीन मीटरची मोकळीक पुरते. कडेजवळ मुंग्या आल्या, पुढे गेल्या.

मग फोन तात्यांनी घेतला. त्यांच्यासाठी अँटेना, चॅनेल, ध्रुवीकरण यातलं काहीच अस्तित्वात नव्हतं. "थांब थांब, वरच्या चराला चल. त्याच्या वरच्या. आरं, पुढं गेलास की!" विमान थांबत नाही, त्याला गोल फिरून यावं लागतं, हे त्यांना दोन फेऱ्यांत कळलं आणि ते आधीच सांगायला लागले. चरांच्या रेघा वरून स्पष्ट दिसत होत्या, सकाळच्या तिरप्या उन्हात जास्तच. वरून तिसऱ्या चराची भिंत एका जागी फुटली होती, आणि तिथून खालच्या चरापर्यंत पाण्यानं घळ पाडली होती. ती जागा माझ्या लक्षातही आली नसती. टीव्हीसमोरच्या एका आजोबांनी ओळखली, कारण तिथे खडक लागला होता म्हणून चर उथळ सोडल्याचं त्यांना आठवत होतं. या एका गोष्टीसाठी रेकॉर्डिंगऐवजी हा सगळा खटाटोप केला ते बरं झालं असं मला तिथेच, कडेवर उभ्या उभ्या वाटलं.

रिलेच्या बाजूला मात्र सगळं शांत नव्हतं. एक घार येऊन क्वाडभोवती घिरट्या घालायला लागली. मोठ्या चकरा मारत ती जवळ जवळ येत गेली. रिले उडवणाऱ्या दुसऱ्या मित्रानं क्वाड जागचा हलवला नाही. घारीपासून पळायला लागलं की ती पाठलाग करते असा त्याचा अनुभव आहे. उंच उभं राहिलं की बहुतेकदा कंटाळून जाते. गेली. त्यानंतर वारा सुटला. क्वाड वाऱ्यावर झुकून उभा राहिला की शेपटाकडचा अँटेना वर उचलला जायचा आणि गावातलं चित्र फिकट व्हायचं. अशा वेळी क्वाडचं नाक वाऱ्यापासून थोडं बाजूला वळवलं की झोक बदलतो आणि चित्र परत येतं, पण मग जाळी दोन अँटेनांच्या आड बरोबर राहिली तरी रिसीव्हर दरीकडे सरळ तोंड करून राहत नाही. ही ओढाताण आम्हाला अजून सुटलेली नाही. दोन्ही अँटेना गिंबलवर, म्हणजे क्वाड झुकला तरी सरळ राहणाऱ्या बैठकीवर, बसवायचा विचार आहे, पण वजन दोन किलोच्या आत ठेवायचं तर बॅटरी छाटावी लागेल.

हवेतून टीव्ही पुढे पाठवायची कल्पना आमच्या डोक्यातून आलेली नाही हे सांगायला हरकत नाही. वेस्टिंगहाउस कंपनीनं 1945 मध्ये स्ट्रॅटोव्हिजन नावानं ती मांडली, आणि 1948 मध्ये बी-29 बॉम्बर आकाशात फिरवून त्यातून अमेरिकेत टीव्हीचं प्रक्षेपण करून दाखवलं. जमिनीवरच्या मनोऱ्यांनी आणि नंतर उपग्रहांनी ते निकालात काढलं. आता मोठ्या कंपन्या पुन्हा तयार रिले ड्रोन विकायला लागल्यात. चीनच्या डीजेआय कंपनीनं 2025 मध्ये आणलेल्या मॅट्रिस 400 मध्ये ती सोय आहे. पैसे असतील, आणि ते आपल्याकडे कायदेशीर मिळत असेल, तर चाळणी कापायची गरज नाही.

आणि टोकदार माथ्याची टेकडी असेल तर रिले उडवूच नये. स्टँड घेऊन माथ्यावर जावं, डबी ठेवावी, चहा प्यावा. हवेतला रिले हा सपाट पठारांचा, दोन कडा एकाच वेळी ओलांडायच्या असतात तिथलाच उपाय आहे. यंत्र एक वाढलं की माणसं दोन वाढतात, आणि चुकायच्या जागा त्याहून जास्त.

राहिली ती कडेपुढची 180 मीटरची आंधळी पट्टी. कड्याच्या पोटाशी, अगदी त्या पट्टीत, एक गॅबियन बंधारा आहे. विमान तिथे खाली गेलं की गावातला पडदा जायचा, आणि तात्यांना नेमका तोच बघायचा होता. "तुमचं त्ये वरचं जरा पुढं घ्या की, कड्याच्या भाईर," त्यांनी सुचवलं. भूमितीच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण 120 मीटरची मर्यादा खालच्या जमिनीपासून मोजतात. पठारावर 100 मीटरवर असलेला क्वाड कडेच्या बाहेर सरकला की त्याच उंचीवर असूनही तो दरीच्या तळापासून 220 मीटरवर जातो. आणि नियमात बसेल इतका खाली आणला तर तो पठाराच्या पातळीला येतो, मग गाव दिसत नाही. हे फोनवर समजावून सांगायला वेळ लागला, आणि तात्यांना पटलं असं मला वाटत नाही.

शेवटी मित्राचा मामेभाऊ दरीत चालत उतरला, मोबाइलवर त्या बंधाऱ्याचे फोटो काढले आणि वर आल्यावर शाळेत पाठवले. उजव्या बाजूची जाळी तुटून आतले दगड ओढ्यात घसरलेत. तारेचं बंडल दहिवडीहून आणायचं ठरलंय, आणि तिसऱ्या चराची फुटलेली भिंत त्याच आठवड्यात बांधून घ्यायची.